दुष्काळातील मुली आणि पंडिता रमाबाई

दुष्काळाचा इतिहास लिहिणारे बहुधा पावसाचे इंच मोजतात, धान्याचे भाव देतात, सरकारी कामांवरील मजुरांची आणि मृतांची संख्या नोंदवितात. आईबाप वाटेत मेले आणि मूल तेवढे मागे राहिले, तर त्या मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या हिशेबात क्वचितच येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागोपाठ पडलेल्या दोन मोठ्या दुष्काळांत हा प्रश्न प्रत्यक्ष जागेवर जाऊन विचारणारी जी मोजकी माणसे होती, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी आहे. महाराष्ट्राला रमाबाई ठाऊक आहेत त्या संस्कृत विद्येमुळे आणि त्याहूनही अधिक त्यांच्या धर्मांतरावरून उठलेल्या वादळामुळे. या वादळाचा धुरळा इतका दाट होता, की त्यामागे त्यांनी केलेले सर्वांत मोठे काम दिसेनासे झाले. ते काम म्हणजे निराधार मुलींचे रक्षण. वारंवार कोरड्या पडणाऱ्या मराठवाड्यात तरी या कामाची आठवण ठेवली जाणे आवश्यक आहे.

रमाबाईंच्या जीवनकथेचा आरंभ गोदावरीच्या काठी होतो, ही गोष्ट नांदेडच्या वाचकांना कुतूहलाची वाटावी. तीर्थयात्रेस निघालेला एक गृहस्थ पत्नी व दोन लहान मुलींसह गोदातीरावरील एका गावी उतरला होता. सकाळी नदीवर स्नान करीत असता त्याची एका विद्वान, चाळिशी ओलांडलेल्या विधुराशी गाठ पडली. कुलगोत्राची विचारपूस झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने आपली नऊ वर्षांची मुलगी त्या अनोळखी प्रवाशाला देऊन टाकली. कन्यादानाचे ओझे उतरले म्हणून तो समाधानाने पुढे यात्रेस गेला. नवरा मुलीला घेऊन शेकडो मैल दूर आपल्या प्रांती निघून गेला. तो विधुर म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे आणि ती मुलगी म्हणजे रमाबाईंची आई लक्ष्मीबाई. सुदैवाने अनंतशास्त्री सज्जन निघाले. पेशव्यांच्या घरातील स्त्रीला आपले गुरू संस्कृत शिकवितात हे त्यांनी तरुणपणी पुण्यात पाहिले होते, आणि आपल्याही पत्नीला शिकवावयाचे असा निश्चय त्यांनी तेव्हाच केला होता. लक्ष्मीबाई शिकल्या आणि त्यांनीच पुढे मुलीला शिकविले. परंतु रमाबाईंनी मोठेपणी हा प्रसंग लिहून ठेवला तो वडिलांच्या सज्जनपणाचे कौतुक करण्यासाठी नव्हे. एका अजाण मुलीचे सारे आयुष्य नदीकाठच्या दोन घटकांच्या बोलण्यावर ठरत होते. हा माणूस चांगला निघाला हा केवळ योगायोग होता, आणि ज्या शेकडो मुलींच्या वाट्याला हा योगायोग येत नाही त्यांचे काय, असा त्यांचा रोख होता.

सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. स्त्रीला शास्त्र शिकविल्याबद्दल पंडितमंडळींचा रोष ओढवून घेतलेले हे कुटुंब पुढे कर्जापायी जमीनजुमला गमावून बसले आणि पुराण सांगत तीर्थाहून तीर्थाला हिंडू लागले. हे फिरते बिऱ्हाड १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात सापडले. दागिने गेले, भांडी गेली, मग झाडपाल्यावर दिवस निघू लागले. विद्वान ब्राह्मण कुटुंब असल्याने भीक मागण्याची लाज वाटे आणि हाताने करण्याजोगे एकही काम कोणाला येत नव्हते. प्रथम वडील गेले, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले. चौथा खांदा रमाबाईंना द्यावा लागला आणि उंची कमी असल्याने तो भार त्यांनी डोक्यावर घेतला. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे हजारो मुलींना त्यांनी अक्षरओळखीबरोबर विणकाम, शिवणकाम आणि छपाई का शिकविली, याचे उत्तर या दिवसांत आहे. शास्त्रे मुखोद्गत असून पोट भरत नाही, हे त्यांनी आपल्या घरातील तीन मृत्यूंवरून जाणले होते.

त्यापुढचा भाग सर्वपरिचित आहे. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी भारतभ्रमण, १८७८ मध्ये कलकत्त्यास आगमन, तेथील पंडितांकडून मिळालेल्या पंडिता व सरस्वती या पदव्या, १८८० मध्ये भावाचा मृत्यू, त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबाह्य विवाह, १८८१ मध्ये कन्या मनोरमेचा जन्म आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी वैधव्य. तेवीस वर्षांची ही विधवा कडेवर मूल घेऊन पुण्यास आली. तिने आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये वैद्यकशास्त्र शिकण्याच्या इराद्याने इंग्लंड गाठले. तेथे त्याच वर्षी तिने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुण्यात खळबळ उडाली. जोतीराव फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली.

रमाबाईंच्या परदेशवासाची चर्चा या धर्मांतरापाशी येऊन थांबते. वस्तुतः त्या वर्षांत त्यांनी जे पाहिले त्याचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये त्यांनी वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी भगिनी-संघाने चालविलेले आश्रयस्थान पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रीला कोणी माणूस म्हणून वागवू शकते, याचे त्यांना नवल वाटले. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथेच सुमारे तीन वर्षे राहिल्या. या काळात शाळा, अनाथगृहे, तुरुंग, स्त्रियांच्या संस्था त्यांनी डोळसपणे न्याहाळल्या. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. परतल्यावर लिहिलेल्या अमेरिकेवरील मराठी पुस्तकात या संस्थांची वर्णने जागोजाग येतात. भारावून गेलेल्या प्रवाशाचे ते लेखन वाटत नाही. आपल्याकडे यातले काय चालेल, हे मनाशी ताडून पाहणाऱ्या बाईची ती टिपणे आहेत. त्यापूर्वी १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले होते आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे त्यांच्या नियोजित कामाला दहा वर्षे मदत करण्यासाठी मंडळ उभे राहिले होते.

बालविधवांसाठी शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलले. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला, आणि तीन वर्षांनी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. ही साखळी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परंतु १८९३ हेच वर्ष शारदा सदनाच्या बदनामीचेही ठरले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन दिलेले असताना मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, हा आक्षेप आला. ‘केसरी’ने आघाडी उघडली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात रमाबाईंचे सर्वस्वी बरोबर होते असे म्हणता येणार नाही. दार उघडे ठेवले, कोणाला बोलावले नाही, हा त्यांचा खुलासा कायद्याच्या दृष्टीने टिकणारा असला तरी लहान मुलीच्या मनावर तिच्या एकमेव आश्रयदात्रीचा किती पगडा असतो, हे त्यांच्यासारख्या बुद्धिमती स्त्रीला ठाऊक नसेल असे नाही.

याच सुमारास त्यांनी केलेली एक चौकशी मात्र फारशी प्रसिद्ध नाही. उत्तरेकडील क्षेत्रांच्या ठिकाणी विधवांची काय अवस्था होते हे ऐकीव माहितीवर न ठेवता त्या स्वतः गरीब यात्रेकरू स्त्रीच्या वेषात मथुरा-वृंदावनास गेल्या आणि त्यांनी तेथील वस्त्यांतून फिरून पाहिले. दलाल, पंडे आणि भाड्याच्या खोल्यांचे मालक यांच्या साखळीत पोरक्या मुली कशा अडकतात, याची माहिती त्यांनी जमविली. आजच्या परिभाषेत याला क्षेत्रपाहणी म्हटले जाईल. त्यांच्याजवळ त्यासाठी ना प्रश्नावली होती ना अनुदान. बोलणारी जीभ, बऱ्याच भाषांची जाण आणि दारिद्र्याची ओळख एवढे सामान होते. वृंदावनातील या अनुभवाचा उपयोग दोन वर्षांच्या आत झाला.

मध्यप्रांतात १८९६-९७ मध्ये भीषण दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांतील बातम्या वाचून रमाबाईंना आपले सोळावे वर्ष आठवले असले पाहिजे. जवळ पैसा नाही, पुण्यातील सदनावर समाजाचा बहिष्कार, अमेरिकन मंडळाची दहा वर्षांची मुदत संपत आलेली. तरीही त्या निघाल्या. सरकारने उघडलेली गरीबगृहे आणि दुष्काळी कामांवरील छावण्या त्यांनी पाहिल्या. सरकारी अहवालात या जागांचे वर्णन अन्नदानाच्या अंगाने येते, म्हणजे किती माणसे जेवली, किती खर्च झाला. रमाबाईंची नजर निराळ्या ठिकाणी गेली. रात्री मुली कोठे झोपतात, त्यांच्यावर देखरेख कोणाची, स्वयंपाकघराची किल्ली कोणाजवळ, संध्याकाळी छावणीच्या आसपास कोण घुटमळते, हे त्या पाहत गेल्या. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की भूक हे या मुलींवरील पहिले संकट असले तरी सर्वांत मोठे संकट नव्हे. देखरेख करणारे मुकादम आणि पहारेकरीच भाकरीच्या मोबदल्यात मुलींना नासवीत होते. शहरांतून आलेल्या कुंटणी आणि दलाल धडधाकट दिसणाऱ्या मुली निवडून नेत होते. कोणी मावशी म्हणून येई, कोणी लांबचा काका म्हणून. मूल ताब्यात देताना हा काका खरा की खोटा, हे विचारण्याची फुरसत कोणालाच नव्हती. आपल्या दुष्काळ-अनुभवांत रमाबाईंनी हे सारे उघड लिहिले, आणि त्या काळच्या एका स्त्रीने ते लिहावे याला फार मोठे धैर्य लागले असले पाहिजे.

या प्रवासांत त्यांनी सुमारे तीनशे मुली पुण्याकडे आणल्या. पुण्यात पाऊल ठेवते न ठेवते तोच दुसरे संकट उभे होते. शहरात प्लेग शिरला होता, आणि बाहेरून आणलेल्या एवढ्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. सदनाच्या खर्चासाठी उत्पन्न व्हावे म्हणून पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन तेवढी त्यांच्या हाताशी होती. तेथे ना इमारत ना पुरेसे पाणी. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या उभारल्या आणि मुली उघड्या माळावर राहू लागल्या. याच १८९७ सालात प्लेगच्या रुग्णालयात नेलेल्या स्त्रिया व मुली तेथे सुरक्षित नाहीत, अशी तक्रार रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या इंग्रजी पत्रातून केली. सरकारने ती नाकारली. तिचे पडसाद इंग्लंडपर्यंत उमटले. ज्या बाईला पुण्यातील वृत्तपत्रे साहेबांच्या धर्माची हस्तक समजत होती, तीच बाई साहेबांच्या कारभारावर असा घाव घालीत होती. रमाबाईंचे मोजमाप एकाच पट्टीने करणारांची येथे पंचाईत होते.

केडगावच्या वसाहतीला मुक्ती हे नाव मिळाले आणि १८९८ पासून तिचे स्वरूप स्थिर झाले. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठी होते. तेथे सोवळेओवळे पाळण्याची सोय राखलेली होती. मुक्तीत मात्र कोणत्याही जातीची मुलगी येऊ लागली, कारण दुष्काळाने जात पाहिलेली नव्हती. हा बदल रमाबाईंच्या चरित्रातील फार मोठे वळण आहे. त्यानंतर दोन वर्षांतच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मधील म्हणून गुजरात-राजस्थानात तो छप्पनिया या नावाने ओळखला जातो. निजामाच्या राज्यातील मराठवाड्याचे जिल्हेही त्यातून सुटले नाहीत. या वेळी रमाबाईंनी आपल्याच तयार झालेल्या कार्यकर्त्या स्त्रियांना गुजरात, काठेवाड व राजपुतान्यात पाठविले आणि मुक्तीतील मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार मुली हा आकडा लिहिण्यास सोपा आहे. त्यांना सांभाळणे म्हणजे काय, याची कल्पना शाळा चालविणाऱ्यालाच येईल. आलेल्या मुलींपैकी अनेक जणी वाचल्या नाहीत. उपासमारीने शरीर इतके पोखरलेले असे, की अन्न मिळू लागल्यावरही ते पचत नसे. अंगावर जखमा, डोक्यात किडे, डोळ्यांचे विकार. ज्या जगल्या त्या भाकरीचे तुकडे अंथरुणाखाली दडवून ठेवीत, एकमेकींचे चोरीत, खोटे बोलत, मारामाऱ्या करीत. छावणीत जगण्यासाठी जे लागते ते शिकूनच त्या आल्या होत्या. रमाबाईंनी या वागणुकीला दुर्गुण न समजता आजारपण मानले, असे त्यांच्या व्यवस्थेवरून दिसते. मुलींचे लहान लहान गट केले आणि प्रत्येक गटावर एक मोठी बाई नेमली. तिने त्यांच्याबरोबरच जेवायचे आणि झोपायचे. या कामावर आधीच्या शारदा सदनातील शिकलेल्या विधवा आल्या. म्हणजे काल ज्यांना आश्रय मिळाला त्या आज आश्रय देणाऱ्या झाल्या. संस्था टिकली ती पैशापेक्षा या योजनेमुळे. लहानांसाठी बालोद्यान वर्ग, मोठ्यांसाठी मराठी शाळा, शिवाय शेती, दुग्धालय, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण आणि छापखाना. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय झाली. फसविल्या गेलेल्या किंवा बाटवल्या गेलेल्या मुलींसाठी कृपा सदन हे वेगळे घर होते. अशा मुलीला दाराशी थांबवून तिचा इतिहास विचारणाऱ्या संस्था त्या काळी पुष्कळ होत्या, आणि आजही अगदीच नाहीत असे नाही.

आता धर्माचा प्रश्न. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तेथे आलेल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. १९०५ मध्ये तर तेथे धार्मिक भावावेगाची मोठी लाट येऊन गेली आणि तिचा गवगवा परदेशातही झाला. जिला आईबाप नाहीत, जिला जाण नाही, अशा मुलीचा धर्म तिला भाकरी देणाऱ्याने ठरवावा काय? आक्षेप बिनबुडाचा नव्हता. मात्र आक्षेप घेणारे आणि छावणीत जाणारे यांच्या संख्येत जे अंतर होते, तेही नजरेआड करता येत नाही. १८९७ मध्ये आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये लाला लजपतराय यांच्या पुढाकाराने पंजाबातील आर्य समाजाने दुष्काळी भागांतून हिंदू अनाथ मुले नेऊन त्यांची सोय लावली, ती मिशनऱ्यांच्या कामाला उत्तर म्हणूनच. हे उत्तर सन्मानाचे होते, कारण ते कृतीने दिलेले होते. महाराष्ट्रातही या कामाची परंपरा नव्हती असे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, आणि पंढरपुरास १८७५ मध्ये टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम उघडला होता. परंतु मध्यप्रांतातील मुलींच्या वेळी पुण्यातील किती प्रतिष्ठित मंडळी त्या गरीबगृहांच्या दारापर्यंत गेली, हे शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. वर्तमानपत्रांतील रकाने मात्र भरले.

या जुन्या हकिकतीचा लातूर-नांदेडशी संबंध काय, असे कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे आडवी झाली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. तेव्हा एका रात्रीत पोरक्या झालेल्या मुलांचा प्रश्न या भागाने प्रत्यक्ष अनुभवला. बाराशेच्या आसपास मुले पुण्याजवळ वाघोली येथे शिक्षणासाठी नेण्यात आली. नळदुर्ग येथे राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी ‘आपलं घर’ उभे केले. तो जगाला दिसणारा प्रलय होता आणि म्हणून मदतही धावली. परंतु दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला निघणाऱ्या कुटुंबांच्या मागे जी मुले राहतात, त्यांच्यासाठी कोणताही भोंगा वाजत नाही. मुलगी वयात आलेली, आईबाप सहा महिने बाहेर, घरी म्हातारी आजी. मग तिला बरोबर फडावर न्यायची की लग्न लावून मोकळे व्हायचे, एवढाच विचार होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. नांदेड-लातूरच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के आणि बीडमध्ये सुमारे ४४ टक्के होते. गोदाकाठच्या त्या नऊ वर्षांच्या लक्ष्मीचे वय वाढले आहे, हे खरे. तिच्या बापाची घाई मात्र तितकीशी ओसरलेली नाही, आणि आज या घाईमागे पुण्याच्या लोभापेक्षा भीती अधिक आहे.

कायद्याच्या बाजूने पाहता रमाबाईंच्या काळाशी तुलनाच होऊ शकत नाही. त्या काळी मुलींच्या रक्षणाचा म्हणून जो कायदा होता तो १८९१ चा संमतिवयाचा, आणि त्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, एवढ्यावरच केवढा गहजब झाला होता. आज २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली निराधार आढळलेले मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी आवश्यक आहे. मूल कोणाच्या ताब्यात द्यावयाचे याची चौकशी होते. छावणीच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या खोट्या काकाला अडविण्याची ही व्यवस्था आहे. तथापि समितीपुढे मूल पोहोचते ते कोणीतरी पाहिले आणि कळविले तर. हे पाहणारे कोण? गावात ते बहुधा तीनच असतात, शाळेचा शिक्षक, अंगणवाडीची ताई आणि ग्रामपंचायतीचा सेवक. हजेरीपटावरील एखादे नाव दिवाळीनंतर लागोपाठ गैरहजर राहू लागले, की त्यापुढे काट मारण्यापूर्वी त्या घरी एक फेरी मारणारा शिक्षक हा या साऱ्या कायद्याचा पाया आहे. जिल्हा परिषदांमार्फत चालणारी हंगामी वसतिगृहेही अशा शिक्षकाच्या यादीवरच अवलंबून राहतात.

रमाबाईंचा नमुना जसाच्या तसा उचलावा, असे येथे सुचवावयाचे नाही. दोन हजार मुली एका कुंपणात ठेवण्याची पद्धत आज कोणी जाणकार मान्य करणार नाही. मोठ्या संस्थेत मूल जगते, शिकते, पण तिथून बाहेर पडल्यावर त्याला जगात जागा सापडत नाही, असा अनुभव अनेक देशांत आला आहे. म्हणूनच नव्या कायद्याने संस्थेला शेवटचा पर्याय ठरविले आणि नातेवाइकांच्या किंवा दुसऱ्या कुटुंबाच्या घरी मुलाचे संगोपन व्हावे, त्यासाठी सरकारने त्या घराला साहाय्य करावे, असा मार्ग पसंत केला. महाराष्ट्रात बालसंगोपनाची अशी योजना आहे. रमाबाईंच्या मुलींना मात्र परत जाण्यासाठी घरच उरले नव्हते, आणि ज्यांना होते त्यांना ते परत घेण्यास तयार नव्हते. त्यांच्या मुक्तीतून ज्या बाहेर पडल्या त्या शिक्षिका, परिचारिका, गृहिणी म्हणून बाहेर पडल्या, आणि अनेक जणी तेथेच राहून गेल्या.

रमाबाईंचे लक्ष अखेरच्या वर्षांत मराठवाड्याच्या सीमेपर्यंत आले होते. केडगाव ज्या लोहमार्गावर आहे तोच मार्ग पुढे सोलापूरवरून गुलबर्ग्यास जातो. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुलींच्या शिक्षणाची तेथील उणीव पाहून मनोरमाबाईंनी १९१३ मध्ये गुलबर्ग्यास शाळा सुरू केली. मुक्तीचे सारे काम पुढे मनोरमेच्या हाती जाईल, अशीच आईची अपेक्षा होती. ते झाले नाही. मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी वारल्या. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, ऐकू फार कमी येत होते आणि मूळ भाषांवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर अजून छापून व्हावयाचे होते. खिळे जुळविण्याचे काम दुष्काळातून आणलेल्या मुलींपैकीच काही जणी करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगावी निधन झाले. मुंबई इलाख्यात मुलांच्या संरक्षणाचा पहिला स्वतंत्र कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये संमत झाला. निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेड आणि लातूरला तो लागू नव्हता.